आटेमास्तर आणि चार आखूड बोल्ट

आटेमास्तर गेले, त्यानंतर त्यांच्या मुलीने शेजारच्या शिक्केवाल्याला सांगितलं, "काका, बाबांबद्दल काहीतरी लिहा ना. तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखत होतं?"

शिक्केवाला हो म्हणाला. घरी येऊन कागद पुढे घेऊन बसला तेव्हा त्याला कळलं, की आपण भलतंच कबूल करून बसलो आहोत. एकोणीस वर्षं दोघांच्या दुकानांमध्ये फक्त एक प्लायवूडची भिंत होती. पण मास्तरांना भावंडं किती, बायको गेल्यावर ते घरी काय खायचे, रात्री त्यांना झोप लागायची की नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं. विचारणं म्हणजे नाक खुपसणं, असं त्याला वाटायचं. ठाऊक होता तो एक दिवस, तोही अर्धामुर्धा. तेव्हा तेवढाच सांगितलेला बरा.

शिक्केवाला रबरी शिक्के करायचा. कामाला डोळे लागत, कान मोकळे असत. त्यामुळे भिंतीपलीकडचं मास्तरांचं काम त्याला कानांनी पाठ झालं होतं. मास्तर गाड्यांची चाकं बसवायचे, आणि स्पेसर बसवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. स्पेसर म्हणजे चाक आणि ते ज्यावर बसतं तो हब यांच्यामध्ये बसवायची धातूची चकती. ती बसवली की चाक थोडं बाहेर येतं आणि गाडी पाय फाकून उभ्या राहिलेल्या पैलवानासारखी दिसते. हौस स्वस्तातली, पण चकती जेवढी जाड तेवढे बोल्ट लांब लागतात. जुनेच बोल्ट वापरले तर त्यांची लांबी चकतीतच खर्च होते आणि हबमध्ये जेमतेम टोक अडकतं.

म्हणून मास्तर प्रत्येक बोल्ट आधी हाताने फिरवायचे आणि तो किती आटे आत गेला ते मोठ्याने मोजायचे. "एक... दोन... तीन..." आठ झाले की पुढचा बोल्ट. नावही त्यावरूनच पडलं होतं.

एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, "मास्तर, पाढे पाठ करताय का?"

"शाळेत पाढा चुकला तर छडी बसते," मास्तर म्हणाले, "इथे चुकला तर तुमचंच चाक तुम्हाला मागे टाकून पुढे पळतं."

त्यांची आणखी एक खोड होती. स्पेसर बसवल्यावर शंभर किलोमीटर झाले की बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. गिऱ्हाइकं "येतो, येतो" म्हणायची आणि यायची नाहीत. म्हणून मास्तर ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट काढून ठेवून घ्यायचे. "पायाला पत्रा लागला की माझी आठवण येईल," म्हणायचे. भिंतीला नेहमी सात-आठ मॅटी टांगलेल्या असत, आणि एकूण एक गिऱ्हाईक परत येई.

एवढे नियमाचे पक्के मास्तर, पण त्या दिवशी गाडी जावयाची होती.

मुलगी आणि जावई दोन दिवसांसाठी आले होते. बरोबर तीन वर्षांची नात. परत जायचं होतं घाट ओलांडून पलीकडच्या शहरात. जावई स्वभावाने उमदा, पण स्वस्थ बसेल तर शपथ. सासऱ्याचं दुकान पाहून त्याच्या मनाने घेतलं, की मागच्या दोन चाकांना स्पेसर बसवूनच निघायचं.

शिक्केवाला दुपारचा डबा खाऊन नेहमीप्रमाणे मास्तरांच्या दारातल्या स्टुलावर बसला होता. मास्तरांनी उजवं चाक बसवलं. हबचा गंज तारेच्या ब्रशने घासून काढला, पार पांढरा धातू दिसेपर्यंत. चकती हबवर हलत नाही ना, ते दोन्ही अंगठ्यांनी पाहिलं. मग नवे लांब बोल्ट, मग मोजणी. जुने चार बोल्ट त्यांनी तारेने बांधून डब्यात टाकले, म्हणजे नव्यांत मिसळायला नकोत.

डाव्या चाकापाशी जावई बाह्या सरसावत पुढे आला. "बाबा, हे मी करतो. तुम्ही बसा जरा."

"अहो जावईबापू, हात काळे होतील."

"होऊ देत की. सासऱ्याच्या दुकानात हात पांढरे ठेवून काय करू?"

दुसरं कोणी असतं तर मास्तरांनी त्याला बाहेरचा बाक दाखवला असता. इथे ते नुसतं हसले आणि बाजूला झाले. पानाही स्वतःच्या हाताने दिला.

जावयाने चाक काढलं. हब घासला, जरा घाईत, पण बरा घासला. जुने बोल्ट काढून त्याने नव्यांच्या शेजारीच ठेवले. आठही काळे, आठांची डोकी सारखी. तेवढ्यात नात गॅरेजात पळत आली, तिच्यामागे मुलगी ओरडत आली, मास्तरांनी नातीला कडेवर उचलून घेतलं. जावयाने हाताला लागले ते चार बोल्ट घेतले.

शिक्केवाल्याने पाहिलं. म्हणजे, पाहिलं असं त्याला वाटलं. बोल्ट लांब होता की आखूड हे स्टुलावरून नीट दिसलं नाही. पण फिरणाऱ्या बोल्टच्या आवाजावरून कानाला कळलं. जावई मोजत नव्हता, तरी शिक्केवाला सवयीने मनातल्या मनात मोजत होता. एक, दोन, तीन, आणि बोल्ट टेकला. दुसराही तीनवरच. तिसराही.

त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. आपण शिक्के कोरणारे. चाकातलं आपल्याला काय कळतं? जावई पाहुणा. चुकीचं बोललो तर त्याचा अपमान, मास्तरांचाही. आणि मास्तर इथेच तर उभे आहेत.

मास्तरांनी नातीला खाली ठेवलं, गाडी जॅकवरून उतरवली आणि शेवटचं आवळणं स्वतः केलं. त्यांच्याकडे मापाचा पाना होता, पुरेसा जोर लागला की तो 'कट्' वाजायचा. चारही बोल्टांवर कट् वाजलं. पण तो पाना जोर किती लागला एवढंच सांगतो. बोल्ट किती आत गेलाय ते त्याला काय माहीत? ते कळायला बोल्ट पुन्हा काढून मोजायला हवे होते, आणि जावयाने बसवलेले बोल्ट त्याच्यादेखत काढणं मास्तरांना जमलं नाही. मॅटही मागितली नाही.

गाडी गेली. मास्तरांनी कोपऱ्यापर्यंत हात हलवला.

शिक्केवाला आपल्या दुकानात येऊन कामाला बसला. शिक्क्यावर अक्षरं उलटी कोरायची असतात, म्हणजे छाप सुलटा उठतो. हे काम तो चाळीस वर्षं करत होता. त्या दुपारी त्याने आख्खं नाव सुलटं कोरून ठेवलं. ते लक्षात येताच त्याने कोरणी खाली ठेवली. घड्याळात पाहिलं. गाडी जाऊन चाळीस मिनिटं झाली होती.

तो पलीकडे गेला. "मास्तर, एक विचारू? हसू नका."

"विचारा."

"त्या डाव्या चाकाला... बोल्ट तीन आटेच गेले का हो?"

मास्तर हसले नाहीत. हातातलं टाकून ते चाकाच्या जागी गेले. तिथे फडकं पडलं होतं. त्यांनी ते उचललं. खाली चार लांब बोल्ट होते, कोरे, वेष्टनाच्या कागदाचं तेलही न पुसलेले.

मग त्यांनी मुलीला फोन लावला. बंद. नातीने खेळून खेळून बॅटरी संपवली होती, ते त्यांनीच सकाळी पाहिलं होतं. जावयाला लावला. रेंज नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"तुमची गाडी चालू आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे. पण तुम्हीच चालवा, मास्तर. मला वेगात जमत नाही."

"मला रस्त्यावर गाडी चालवता येत नाही," मास्तर म्हणाले.

शिक्केवाला त्यांच्या तोंडाकडे पाहतच राहिला. एकोणीस वर्षांत हजारो गाड्यांची चाकं बसवलेला माणूस, दुकानाच्या दारातून आत-बाहेर करण्यापलीकडे कधी गाडी चालवत नव्हता. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि शिक्केवाल्याने विचारलं नाही. ती विचारण्याची वेळही नव्हती.

मास्तरांनी चार बोल्ट खिशात घातले, जॅक आणि पाने मागच्या सीटवर टाकले आणि शेजारी बसले. शिक्केवाल्याची गाडी सतरा वर्षांची. साठच्या पुढे गेली की तिच्या दारांना कापरं भरायचं. त्या दिवशी काटा ऐंशीवर गेला. दारं थरथरत होती. मास्तर दर दोन मिनिटांनी फोन लावत होते आणि खाली ठेवत होते.

गाव संपल्यावर पेट्रोल पंप लागला. मास्तरांनी थांबायला लावलं.

हवा भरणारा म्हणाला, "लाल गाडी? मागे बाई आणि लहान मुलगी? गेली की, अर्धा तास झाला. मागून टकटक येत होती. मी म्हटलं, साहेब, चाक बघून घ्या एकदा."

"मग?"

"म्हणाले, माझे सासरेच चाकवाले आहेत, त्यांच्या हाताखालून आलीय गाडी. काळजी नको." तो हसला. "नवीन चकत्या आहेत, बसतील हळूहळू, असंही म्हणाले."

मास्तर गाडीत येऊन बसले. दार लावायचं त्यांना सुचलं नाही, ते शिक्केवाल्याने हात लांब करून ओढून घेतलं.

पुढे घाट. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला गुडघ्याएवढा कठडा. प्रत्येक वळणावर शिक्केवाला समोर पाहायचा आणि मास्तर कठड्याकडे. कठडा कुठे तुटलेला नाही ना, एवढंच ते पाहत होते. एका जागी दगड ढासळलेले दिसले. मास्तरांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. जवळ गेल्यावर दिसलं, की दगडांवर गवत उगवलेलं होतं. जुनं होतं ते. मास्तरांनी हात काढून घेतला, पण मनगटावर पुढची दोन वळणं त्या हाताचा थंडपणा राहिला.

"माझंच चुकलं," शिक्केवाला म्हणाला. "मी तेव्हाच..."

"रस्त्याकडे बघा," मास्तर म्हणाले.

सहाव्या की सातव्या वळणावर लाल गाडी दिसली. अर्धी रस्त्यावर, अर्धी कडेला, मागचं दार सताड उघडं. आजूबाजूला माणूस नाही.

शिक्केवाल्याने ब्रेक दाबला. गाडी पुरती थांबायच्या आत मास्तर उतरून पळत सुटले. सदुसष्ट वर्षांचा माणूस, एका पायात चप्पल, एक चप्पल गाडीत राहिलेली.

गाडीच्या पलीकडे, डाव्या चाकाला टेकून, मुलगी रस्त्यावर मांडी घालून बसली होती. चाकावर हात ठेवून, जणू ते पळून जाईल. थोडं पुढे, वळणाआड, डोंगराच्या बाजूला जावई नातीला खांद्यावर घेऊन उभा होता.

"बाबा!" मुलगी म्हणाली. "तुम्ही कसे आलात?"

मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग चाकाकडे पाहिलं. चार भोकांतली दोन रिकामी होती. तिसरा बोल्ट त्यांनी बोटाने फिरवला, तो सहज फिरला.

"मी कधीची सांगतेय, चाक डगमगतंय, सीटमधून कळतंय," मुलगी म्हणाली. "हे म्हणे, रस्ता खराब आहे. शेवटी म्हटलं, थांबवा, नाहीतर पोरीला घेऊन उडी मारते. तेव्हा कुठे थांबवली."

जावयाचा चेहरा उतरला होता, पण घाबरलेला माणूस कधी कधी बोलून जातो तसा तो बोलला. "बाबा, राग मानू नका. पण आता वय झालं तुमचं. हात पहिल्यासारखा राहिला नाही. आज आम्ही तिघं गेलो असतो. बंद करा ते दुकान."

मुलीने डोळे पुसले. "खरंच, बाबा. आता बास झालं. चला आमच्याकडे."

मास्तर खाली बसून पाना लावत होते. मान वर न करता म्हणाले, "हो. माझंच चुकलं."

शिक्केवाला चार पावलं मागे उभा होता, हातात मास्तरांची चप्पल. त्याला दिसत होतं, की एका वाक्यात मास्तरांचं दुकान चाललंय. ते पाने, त्या मॅटी, ते मोजणं, सगळं. आणि ते वाक्य मास्तरांनी स्वतःच बोलून टाकलंय. जन्मभर तो अशा वेळी खाली बघत आला होता. आताही त्याने खालीच पाहिलं, पण बोलला.

"ते चाक मास्तरांनी नाही बसवलं."

सगळे त्याच्याकडे वळले.

"तुम्ही बसवलंत, जावईबापू. जुने बोल्ट हाताला आले तुमच्या. नवे फडक्याखाली राहिले. मी स्टुलावर बसून पाहत होतो. तीन आट्यांवर बोल्ट टेकला, ते मला कळलं होतं, आणि मी गप्प बसलो. मास्तरांचं वय काढू नका. काढायचंच तर माझं काढा."

नात तेवढी म्हणाली, "आजोबा, तुमची चप्पल त्या आजोबांकडे आहे."

जावयाने नातीला मुलीकडे दिलं. तो मास्तरांच्या शेजारी खाली बसला आणि मास्तरांनी खिशातून काढून ठेवलेले लांब बोल्ट त्याने हातात घेतले. एक आखूड बोल्ट शेजारी धरून पाहिला. "बाबा," एवढंच म्हणाला.

"आधी भोकं बघू," मास्तर म्हणाले. "सैल चाक चाललं की भोकं ओढली जातात." जॅक लावून त्यांनी चाक काढलं आणि चारही भोकांतून करंगळी फिरवली. भोकं शाबूत होती. हबमधले आटे फडक्याने पुसले. मग चाक पुन्हा चढवून लांब बोल्ट हातानेच घातला. कुठे अडला असता, खरखरला असता, तर त्यांनी चाक तिथेच सोडून सगळ्यांना दुसऱ्या गाडीतून नेलं असतं, तसं ते म्हणालेही. बोल्ट गुळगुळीत आत गेला. "एक... दोन..." त्यांनी सुरुवात केली, आणि मधेच थांबून जावयाला म्हणाले, "तुम्ही मोजा. माझा आवाज बसलाय."

जावयाने मोजलं. चारही बोल्टांचे आठ-आठ आटे, रस्त्यावर उकिडवा बसून, शाळेतल्या मुलासारखे.

"आता पुढे जायचं नाही," मास्तर म्हणाले. "मागे फिरा. चाळीसच्या वर काटा गेला तर सासरा-जावई काही बघणार नाही मी."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी दोन्ही चाकं पुन्हा उतरवली आणि डावा हब बदलला. जावई म्हणाला, "बाबा, त्या चकत्या फेकूनच द्या." मास्तर म्हणाले, "चकतीने काय घोडं मारलंय?" आणि पुन्हा बसवल्या. या वेळी मॅट काढून घेतली. दुकान बंद करायचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

पण त्या संध्याकाळी परत येताना गाडीत काय झालं, ते सांगायचं राहिलं. जावयाची गाडी पुढे, ही मागे. घाट उतरेपर्यंत मास्तर पुढच्या गाडीचं डावं चाक न्याहाळत होते. मग म्हणाले, "जावयासमोर असं बोलायला नको होतं तुम्ही."

"हो," शिक्केवाला म्हणाला.

पंप मागे पडला. आणखी एखादा मैल गेला.

"मलाही कळलं होतं, तो मोजत नाही ते," मास्तर म्हणाले. "तुम्ही परके म्हणून गप्प बसलात. मी बाप असून गप्प बसलो." मग खिडकीबाहेर पाहत राहिले. शिक्केवाल्याला वाटलं, आता आणखी काही सांगतील. कदाचित गाडी का चालवत नाहीत ते. पण त्यांनी सांगितलं नाही.

पुढे आठ-नऊ महिने दोघांचं पहिल्यासारखंच चाललं. पलीकडून मोजणी, अलीकडे कोरणं. फरक एवढाच, की शिक्केवाल्याला काही खटकलं तर तो लगेच उठून सांगायला जायचा. दहांतून नऊ वेळा ते काहीच नसायचं. मास्तर प्रत्येक वेळी हातातलं काम ठेवून बघायचे.

मग डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मास्तर मुलीकडे गेले. ऑपरेशन छान झालं. चौथ्या दिवशी पहाटे झोपेतच गेले.

ऑपरेशनसाठी निघाले त्या सकाळी ते शटर ओढून, पिशवी घेऊन शिक्केवाल्याच्या दारात उभे राहिले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. शिक्केवाला त्यांच्याकडे बघत राहिला.

"मास्तर, बटण चुकलंय. वरचं खालच्या काजात गेलंय."

मास्तरांनी मान खाली घालून पाहिलं. "च्यायला. असाच गेलो असतो तर लेक हसली असती." त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि सगळी बटणं काढून नीट लावली. "आता?"

"आता ठीक."

"बरं. येतो मग."

"या."